माझ्या हातचं पोट चिकटत नाही

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी "काय करता तुम्ही?" असं विचारलं, की मी हल्ली "कॉलेजात शिकवते" एवढंच सांगते. एकदा खरं सांगून बसले होते. म्हटलं, उंदरांना भूल देते, त्यांची पोटं उघडते, आतडी जरा खरवडते, परत शिवते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा उघडून बघते, आतडी एकमेकांना चिकटली का! बाईंनी वरणाची वाटी लांब सरकवली आणि विचारलं, "काऊन वं? त्या उंदरायनं तुह्यं काय बिघडवलं होतं?"

तर अशा नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी अ‍ॅनिमल हाऊसचं कुलूप काढलं की एखादा आत तयार बसलेला असतो. आमचं फार्मसी कॉलेज बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाला. चहाच्या टेबलावर माझी खुर्ची कोणी घेत नाही, कारण मी आले नाही तर उंदरांची बातमी कोण सांगणार?

आधी काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं की आतली जखम भरताना आतडी कधीकधी एकमेकांना चिकटतात, ओले पापड एकावर एक ठेवल्यावर चिकटतात तशी. कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. कोणाला मात्र वर्षानुवर्षांनी अचानक पीळ पडतो, रस्ता बंद होतो, आणि ते सोडवायला परत पोट उघडावं लागतं. परत उघडलं की परत चिकटायची भीती! आम्ही एक जेल बनवतोय. ऑपरेशन संपताना आत लावायचं, म्हणजे आतडी सुटी राहतील. पण जेल चालतं की नाही हे बघायचं, तर आधी पोट चिकटायला हवं ना? म्हणून उंदीर.

आणि माझ्यापुरतं खरं कारण घरी, वरवट बकालला आहे. माझी आई. मी शाळेत असताना तिचं अपेंडिक्स फुटलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला खामगावला नेलं होतं. वाचली. पण तेव्हापासून वर्षातून एखादवेळी तिचं पोट अडून बसतं. एकदा दुसऱ्या गावी परत उघडावंही लागलं. आता तिचं वय झालंय, शुगर आहे. पुढच्या वेळी पोट उघडायची पाळी आली तर काय? आई मात्र दर रविवारी फोनवर विचारते, "काय म्हणतात तुह्ये उंदरं? माह्यं औषध निघालं का?"

*

आमचे उंदीर पांढरे, लाल डोळ्यांचे, परवाना असलेल्या ठिकाणाहून एसी गाडीतून येतात. पहिली गाडी आली तेव्हा गेटवर गर्दी. ज्या गावात पोत्यातली तूर उंदरांपासून वाचवताना माणसं मेटाकुटीला येतात, त्या गावात कॉलेजने बाहेरून उंदीर आणले!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातले एक काका लोखंडी पिंजरा घेऊन हजर. आत तीन काळेकुट्ट घुशीएवढे उंदीर, पिंजरा हलवताहेत.

"घ्या मॅडम. फुकट घ्या. तुमचे ते पांढरे रोगट दिसून राह्यले. हे पाहा, कसे दणकट!"

मी समजावलं. काका, आम्हाला असे चालत नाहीत. त्यांचे आईवडील कोण, आजा-पणजा कोण, कुठल्या वंशाचे, हे सगळं कागदावर लागतं. नाहीतर सरकार प्रयोग मान्य करत नाही.

काकांनी पिंजरा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे आता उंदरालेबी जातीचा दाखला लागते का?"

मी तायडे. स्वतःच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या किती चकरा मारल्या ते माझं मला माहीत, आणि काका हे विचारताहेत मला!

*

उंदरांच्या खोलीत तापमान नेमून दिलेलं असतं. त्यामुळे एसी बंद पडून चालत नाही, त्यासाठी वेगळा जनरेटर. आमच्याकडे मे महिन्यात कुलरसुद्धा गरम हवा फेकतो. प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुलरच आहे.

एरवी प्राचार्यांना संशोधनाचं वावडं. पण मे लागला, की रोज दुपारी अ‍ॅनिमल हाऊसची पाहणी! गाऊन, टोपी, मास्क, बुटांवर कव्हर, सगळं चढवून तासभर आत. फायलीसुद्धा तिथेच मागवायचे.

आमचा अ‍ॅनिमल हाऊसचा माणूस म्हणजे गजूभाऊ. वरवटचाच, आमच्या आळीतला. मनाने लोणी, तोंडाने मिरची. त्याने एक दिवस दारातच हात जोडले. "सर, रोज या, पण जरा हळू डुलक्या घ्या. तुमच्या घोरण्यानं उंदरं दचकून राह्यले."

*

प्रयोगाआधी नैतिकता समितीची परवानगी लागते. तिच्यात विज्ञानाबाहेरचा एक सदस्य असावाच लागतो. आमच्याकडे वानखडे गुरुजी, निवृत्त शिक्षक. इतर सदस्य चहा-बिस्किटांवर लक्ष ठेवून असतात. गुरुजी मात्र प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचतात.

"मॅडम, उंदराले भूल पूर्ण देता नं?"

"हो गुरुजी."

"ऑपरेशन झाल्यावर दुखलं तर?"

म्हटलं, वेदना कमी करायचं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. शिवाय अंगाखाली गरम पॅड, मऊ गादी, भिजवलेलं खाणं. कोणाला जास्त त्रास होतोय असं दिसलं तर त्याला ताबडतोब प्रयोगातून बाहेर काढायचं.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माह्यं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तवा मले एक गोळी देल्ली होती, अन् म्हणे सोसा. मी सही करतो बाप्पा. पण पुढच्या ऑपरेशनले मी तुमच्याकडंच येईन."

*

आता पाठक डॉक्टर. हे खामगावचे नावाजलेले सर्जन. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून आमच्या प्रयोगात ऑपरेशनं करायला स्वतःहून आले. ताठ बसणारे, पांढरे शुभ्र कपडे, बोलणं तोललेलं. त्यांचं एकच वाक्य जिल्हाभर माहीत होतं, आणि ते स्वतःच ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे, "माझ्या हातचं पोट चिकटत नाही."

आम्ही हरखलो. एवढा मोठा सर्जन, आणि आमच्या उंदरांना!

आमच्या प्रयोगाची रीत अशी. आंधळं आतडं म्हणून पिशवीसारखा एक भाग असतो, त्याच्यावर कोरडं गॉज घासायचं, बारीक लाल ठिपके येईपर्यंत. समोरच्या पोटाच्या भिंतीचा डाळीएवढा पापुद्रा काढायचा. आतडं थोडा वेळ उघड्यावर वाळू द्यायचं. मग शिवून टाकायचं. या दोन जागा एकमेकींना चिकटल्या, तर आजाराची नक्कल, म्हणजे आमचं मॉडेल, जमलं. निम्म्यांना जेल लावायचं, निम्म्यांना काहीच नाही. काहीच नाही तो कंट्रोल ग्रुप.

डॉक्टरांनी पहिली बॅच केली. काय ते हात! आम्ही श्वास रोखून बघत होतो. एक थेंब रक्त इकडेतिकडे नाही.

दोन आठवड्यांनी उघडलं. या दुसऱ्या वेळी उंदीर परत जागा होत नाही. त्याबद्दल आमच्यात कोणी विनोद करत नाही आणि त्या दिवशी गजूभाऊ कोणाशी बोलत नाही. म्हणूनच तो दिवस वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

पहिला उंदीर, आतडी सुटी. दुसरा, सुटी. तिसरा, चौथा... जेलवाले सुटे, आणि कंट्रोलवालेही सुटे! आरशासारखी पोटं! जेलशिवायच सगळं ठणठणीत असेल तर जेलचा उपयोग काय सिद्ध करणार? एवढे जीव फुकट गेले. मी रडायच्या बेतात.

आणि डॉक्टर? ते आनंदाने माझ्याकडे वळले. "बघा तायडे मॅडम! सांगितलं होतं ना? माझ्या हातचं पोट चिकटत नाही!"

"सर, चिकटायलाच पाहिजे होतं!"

*

मग सुरू झालं डॉक्टरांचं शिक्षण. उभी हयात ज्या माणसाने आतड्याला फुलासारखं धरलं, त्याला आम्ही वाईट ऑपरेशन करायला शिकवणार!

ते घासायचे, पण गॉज आधी गुपचूप सलाईनमध्ये बुडवून. गजूभाऊने सलाईनची बाटली दूर ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खिशात छोटी बाटली सापडली.

"सर, वाळू द्या ना ते आतडं."

"वाळतंय."

"सर, तुम्ही त्याच्यावर ओलं गॉज झाकलंय."

"सवयीने झालं असेल."

"सर, रोज सवयीने होतं."

शेवटी गजूभाऊला टेबलाशी उभं केलं. त्याचं काम एकच, डॉक्टरांचा हात ओल्या गॉजकडे गेला की खाकरायचं. त्या दिवशी तो इतका खाकरला की प्राचार्यांनी त्याला क्षयाची तपासणी करायला सांगितलं.

हळूहळू जमलं. डॉक्टर मान फिरवून घासायचे. घासताना ओठ हलायचे. मी कान देऊन ऐकलं. प्रत्येक उंदराला ते "क्षमा कर रे" म्हणत होते. त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडायला लागला.

पुढची बॅच उघडली. कंट्रोलच्या उंदरांची आतडी भिंतीला अशी चिकटलेली, की सोडवता सुटेनात! मी नाचायचंच काय ते बाकी होतं. डॉक्टर खिडकीपाशी पाठ करून उभे. गजूभाऊ धावत गेला आणि त्याने त्यांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला.

"अभिनंदन साहेब! आता खरंखुरं बिघडवता आलं तुमाले!"

डॉक्टर हळूच म्हणाले, "गजानन, हे वाक्य खामगावात बोलू नकोस."

*

या गजूभाऊनेच एक बॅच बुडवली, तीही दयेपोटी.

एका सोमवारी मी आत गेले, तर उंदीर पिवळे! पोटावर, मिशांवर, पंजांवर पिवळं. मला वाटलं कावीळ. मग वास आला. हळद! तेलात कालवलेली हळद!

"गजूभाऊ, हे काय?"

"मॅडम, तुम्ही अर्ध्यायले औषध लावता, अन् अर्ध्यायले कायीच नाई. टाके पाहून मले घास उतरेना. आमच्या घरी जखमेले हळदच लावतात. कोणाचं वाईट झालं का कधी?"

हळद सूज कमी करते, हे तर आम्हीच वर्गात शिकवतो. उंदरांनी ती चाटून खाल्लेली. म्हणजे कंट्रोल ग्रुप संपला. निदान जेलवाले तरी वाचवू, म्हणून मी विचारलं, "कोणकोणत्या पिंजऱ्यांना लावलीस?"

गजूभाऊची छाती फुगली. "समद्यायले! प्रयोगात भेदभाव करायचा नाई, तुम्हीच शिकवलं नं मले!"

*

आई एकदा कॉलेज बघायला आली. तिला गाऊन-टोपी घालून काचेपलीकडून उंदीर दाखवले. तिने बराच वेळ एका उंदराकडे पाहिलं.

"याचंबी माह्यावानी हाये का?"

"हो. याचंही पोट चिकटलेलं असणार."

"मंग याले संध्याकाळी हरभऱ्याची डाळ देत नको जाऊ बाई. फुगते." आणि काचेला हात लावून त्याला म्हणाली, "जपून राह्य रे भाऊ."

त्या दिवशी पाठक डॉक्टर खामगावला होते, भेट झाली नाही. नाहीतरी आईला त्यांच्याबद्दल भलतीच आपुलकी. मी घरी त्यांच्या गमती सांगायचे, सलाईनची बाटली, "क्षमा कर रे", सगळं. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची. शुक्रवारी मी घरी मुक्कामाला जायचे, शनिवारी सकाळी कॉलेजला निघाले की ती डबा द्यायची. भाकरी, तिळाची चटणी, कधी वांग्याचं भरीत. "हे तुह्यं. अन् हे डॉक्टरसाहेबाचं." त्यांच्या डब्यात तेल जास्त असायचं, हे मी पाहून ठेवलेलं!

तेव्हाच मी तिला सहज विचारलं होतं, "आई, तुझं पहिलं ऑपरेशन केलं कोणी गं? कागदही नाहीत घरात."

"असन कोणीतरी."

"नाव आठवत नाही?"

"आठवते नं. पण त्या मानसानं मले मरता मरता वाचवलं. मंग पुढं पोट चिकटलं, त्याले तो काय करन? आता नाव घेऊन त्याले कमीपणा कायले आणू?"

आमची आई अशी. तिच्या तोंडून नाव काढणं म्हणजे गजूभाऊच्या हातून हळद काढून घेण्याइतकंच अवघड.

*

आणि मग तो दिवाळीनंतरचा आठवडा आला. आईचं पोट अडलं. या वेळी जोरात. पोट नगाऱ्यासारखं, उलट्या थांबेनात. खामगावच्या दवाखान्यात भरती केलं. नाकातून नळी, तोंडाने पाणीसुद्धा बंद. तिथला तरुण सर्जन पाठक डॉक्टरांचा विद्यार्थी. त्याने तपासलं, एक्स-रे काढले आणि मला बाजूला घेतलं. "उद्या सकाळपर्यंत वाट बघू. गॅस पास झाला तर ठीक. नाहीतर उघडावं लागेल. शुगर, वय... तुम्हाला माहीतच आहे."

मला सगळं माहीत होतं, हीच तर पंचाईत! उंदरांच्या पोटात जे मी रोज बघत होते, ते आता मला आईच्या पोटात दिसत होतं. आमचं जेल उंदरांत छान चालत होतं. माणसाच्या पोटापर्यंत यायला त्याला अजून कितीतरी वर्षं होती. मी बाहेरच्या बाकावर बसून लहान मुलासारखी रडले.

संध्याकाळी पाठक डॉक्टर आले. कोणी बोलावलं नव्हतं. एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिले, विद्यार्थ्याशी हळू आवाजात बोलले आणि आईच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. त्यांना पाहताच आईने डोक्यावर पदर ओढला.

"ताई, तुमच्या हातची चटणी मी दर शनिवारी खातो," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. उद्या उघडायची वेळ आलीच, तर मी स्वतः टेबलाशी उभा राहीन. आणि मी उभा असलो, की माझ्या हातचं पोट..."

नाकात नळी असताना आईला एकदम ठसका लागला. नर्स धावली. वाक्य अर्धंच राहिलं.

सकाळी गजूभाऊ चहा घेऊन आला. डॉक्टरही लवकर आले. आम्ही तिघं खाटेभोवती, आणि वॉर्डातली सगळी माणसं आमच्याकडे बघताहेत. पोटाच्या वॉर्डात एकमेकांना नाव-गाव नंतर विचारतात, "गॅस पास झाला का?" हे आधी.

आणि झाला! चांगला दणदणीत! शेजारच्या खाटेवरचे बुवा उठून बसले. गजूभाऊने हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या बायकांनीही वाजवल्या. आईने लाजून तोंडावर पदर घेतला. मी गजूभाऊच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले की रडले, मला आजही सांगता येणार नाही.

तासाभराने पोट मऊ पडलं. तरुण सर्जनने सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही. पाठक डॉक्टर इतके खूश झाले की म्हणाले, "मला एकदा हात लावून बघू द्या." त्यांनी आईच्या पोटावर हळूच हात ठेवला, इकडेतिकडे दाबलं. मग त्यांची नजर उजव्या बाजूच्या जुन्या व्रणावर गेली. ते वाकले. चष्मा वर केला. त्या व्रणावरून त्यांनी अलगद बोट फिरवलं.

"वा!" ते म्हणाले. "अरे, इकडे ये, बघ." विद्यार्थ्याला जवळ बोलावलं. "याला म्हणतात काम. एका रेषेत टाके, अंतर बघ, कुठे चुणी नाही. फुटलेलं अपेंडिक्स आणि एवढी सुबक शिवण! असा हात हल्ली बघायला मिळत नाही." मग मान वर करून त्यांनी कौतुकाने विचारलं, "ताई, हे पोट शिवलं तरी कोणी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. गजूभाऊकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुम्हीच, डॉक्टरसाहेब."